पाय चालू लागतो, हात मागे राहतो

पक्षाघाताचा रुग्ण दवाखान्यातून घरी आला की गावात पहिला प्रश्न एकच असतो : चालतंय का? काठी टेकत का होईना, माणूस ओसरीतून परसापर्यंत जाऊ लागला की भेटायला येणाऱ्यांची वर्दळ कमी होते, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि व्यायाम शिकवायला येणाऱ्याला ‘आता नका येऊ’ म्हणून सांगितलं जातं. त्या वेळी रुग्णाचा एक हात कोपरात मुडपून पोटाशी आलेला असतो, बोटं मुठीत मिटलेली असतात. त्या हाताविषयी फारसं कोणी विचारत नाही. ‘अंगावरून वारं गेलं होतं, आता बरं आहे,’ एवढ्यावर विषय संपतो. हे पुस्तक तो विषय तिथून पुढे नेतं.

हात मागे राहण्याचं पहिलं कारण मेंदूच्या रक्तपुरवठ्यात आहे. मेंदूच्या प्रत्येक अर्ध्या भागाला रक्त नेणाऱ्या वाहिन्यांमध्ये मधली वाहिनी सर्वांत मोठी, आणि गुठळी बहुतेकदा तिच्यात किंवा तिच्या फांद्यांत अडकते. चेहरा, हात आणि बहुतेकांच्या बाबतीत डाव्या बाजूला असलेलं वाचेचं केंद्र, हा सगळा भाग तिच्याच रक्तावर चालतो. पायाचा कारभार पाहणारा भाग मेंदूच्या आतल्या अंगाला, दुसऱ्या वाहिनीच्या हद्दीत येतो. म्हणून तो पुष्कळदा बचावतो. दुसरं कारण कामाच्या स्वरूपात आहे. पाय ताठ राहिला तरी त्यावर भार टाकून पुढे सरकता येतं. सदऱ्याची गुंडी लावायला किंवा चिमूटभर मीठ उचलायला मात्र प्रत्येक बोटाला वेगळा हुकूम लागतो, आणि तो हुकूम नेणारी वाटच तुटलेली असते. तिसरं कारण सवयीचं. एका पायावर कोणाला चालता येत नाही, पण एका हातावर दिवस ढकलता येतो. चांगला हात सगळी कामं अंगावर घेतो आणि दुसऱ्या हातात थोडी हालचाल परतली तरी तिला काम मिळत नाही.

हा प्रश्न किती घरांचा आहे? मुंबईत 2005-06 मध्ये डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत दर लाख व्यक्तींमागे वर्षाला सुमारे 145 जणांना पहिल्यांदा पक्षाघात झाल्याचं आढळलं. हा दर निम्मा धरला तरी 2011 च्या जनगणनेत 16,57,576 लोकसंख्या असलेल्या धाराशिव जिल्ह्यात वर्षाला हजाराहून अधिक नवे रुग्ण होतात. पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार आहे, हा समज तर गडचिरोलीनेच मोडीत काढला. तिथल्या ‘सर्च’ संस्थेने 86 गावांत 2011 ते 2013 अशी दोन वर्षं प्रत्येक मृत्यूची चौकशी केली, तेव्हा मृत्यूच्या कारणांत पक्षाघात पहिल्या क्रमांकावर निघाला. शंभरातले चौदा मृत्यू त्याने झालेले होते आणि त्यांतले बहुतेक घरीच झालेले होते. जे वाचतात त्यांचीही पुढची वर्षं घरीच जातात. हाताचं पुनर्वसन हा विषय म्हणूनच रुग्णालयाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, घराचा आहे.

धाराशिवमध्ये हे घर बहुधा खेड्यात असतं. आठ तालुक्यांचा हा जिल्हा असा पसरलेला आहे की परंडा-भूमचा रुग्ण बार्शी-सोलापूरकडे धावतो, कळंबचा अंबाजोगाई-लातूरकडे आणि उमरग्याचा सोलापूर किंवा थेट हैदराबादच्या रस्त्याला लागतो. जिल्ह्याच्या गावी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं आहे, पण आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी तिथे येणं म्हणजे एसटीचं दोघांचं भाडं आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोजगार. महिन्याभरात फेऱ्या थांबतात, आणि नेमका तोच काळ हाताच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा असतो. पक्षाघातानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मेंदू सर्वांत वेगाने सावरतो.

इथल्या हाताला कामंही इथलीच आहेत. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो आणि उचल त्या जोडीवर घेतली जाते. एकाचा हात गेला की कोयता मोडतो, उचल मात्र अंगावर राहते. ज्वारीची भाकरी थापताना एक हात थापतो आणि दुसरा कड सावरत तिला फिरवत राहतो. शेळीची धार काढायला, साडीच्या निऱ्या घालायला, पेंढीला आळा घालायला दोन्ही हात लागतात. आणि सर्वांत नाजूक गोष्ट जेवणाची. उजव्या हाताने जेवायचं आणि डाव्याने धुवायचं ही इथली रीत. उजवा हात गेलेल्या माणसाला दोन्ही कामं डाव्याने करावी लागतात. मग तो पंगतीत बसणं टाळतो, लग्नाला जात नाही, पाहुण्यांसमोर भूक नाही म्हणतो. डावा हात गेलेल्याची अडचण तर तो कोणाला सांगतही नाही. परदेशात तयार झालेल्या प्रश्नावल्यांमध्ये काट्या-चमच्याने खाण्याविषयी विचारलेलं असतं. ही अडचण तिथे नोंदवायला रकाना नसतो.

या जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांचे तुटलेले हात कीर्तनात टाळी वाजवायच्या वेळी परत आले, ही कथा इथल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. श्रद्धेच्या जागी ती शोभते. उपचारात मात्र तसाच एका झटक्यात हात परत मिळवून देण्याचा दावा करणारे भेटतात : कबुतराचं रक्त चोळणारे, बिनलेबलाच्या पुड्या देणारे, अमुक इतक्या दिवसांत हमखास गुण म्हणून सांगणारे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातल्या वातव्याधीच्या प्रकरणात पक्षवधाचं वर्णन आहे आणि स्नेहन-स्वेदनाची परंपरा तेव्हापासून चालत आली आहे. तेल लावून शेकल्याने अंग मोकळं वाटतं, त्याला कोणाची हरकत असायचं कारण नाही. पण चोळणारा हात दुसऱ्याचा असतो. मेंदू शिकतो तो रुग्णाने स्वतः केलेल्या, निदान करायचा प्रयत्न केलेल्या, हालचालीतून. गेल्या पाऊणशे वर्षांत या क्षेत्रात जे मतभेद झाले, ते सगळे ही हालचाल कशी करून घ्यायची याभोवती फिरत आले आहेत.

सुरुवात झाली निरीक्षणापासून. 1951 मध्ये थॉमस ट्विचेल या अमेरिकी डॉक्टरने 121 रुग्णांचा मागोवा घेऊन हात कोणत्या क्रमाने परततो ते लिहून ठेवलं. आधी हात गळून पडतो, मग ताठरपणा येतो, मग खांदा-कोपर-बोटं एकत्रच हलतात आणि शेवटी, नशीब असेल तर, एकेक सांधा वेगळा हलवता येतो. स्वीडनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या सिग्ने ब्रुनस्ट्रॉम यांनी याच क्रमाच्या पायऱ्या आखल्या. त्यांचं 1970 चं पुस्तक आजही महाराष्ट्रातल्या भौतिकोपचाराच्या विद्यार्थ्यांकडून घोकून घेतलं जातं. ‘पेशंट ब्रुनस्ट्रॉमच्या तिसऱ्या स्टेजला आहे’ हे वाक्य कुठल्याही ओपीडीत ऐकू येतं. त्याचा अर्थ एवढाच की हात उचलायला गेलं की कोपर आपोआप वाकतं, मूठ आवळते आणि रुग्णाला त्या साच्याबाहेर पडता येत नाही. ब्रुनस्ट्रॉम यांचं म्हणणं असं की सुरुवातीला हाच साचा वापरून हालचाल मिळवावी आणि मग तो मोडावा.

लंडनमध्ये बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याने नेमकं उलट सांगितलं. साच्यातली हालचाल करूच देऊ नये, ताठरपणा आधी उतरवावा, उपचारकाने हाताने आधार देत स्वाभाविक हालचालीची जाणीव करून द्यावी. बर्टा बोबाथ यांची पद्धत 1940 च्या दशकात सायमन एल्विस या चित्रकारावर उपचार करताना आकाराला आली. एल्विस पुढे पुन्हा चित्रं काढू लागले, पण डाव्या हाताने. बोबाथ पद्धत जगभर पसरली, भारतातही रुजली. मात्र पुढच्या तुलनात्मक अभ्यासांत ती इतर पद्धतींपेक्षा सरस ठरली नाही. त्याच सुमारास अमेरिकेत हर्मन कॅबट आणि मार्गारेट नॉट यांनी तिरक्या, पिळदार हालचालींवर आधारलेली पीएनएफ पद्धत विकसित केली. या सगळ्या घराण्यांत एक गोष्ट समान होती : उपचारकाचे हात महत्त्वाचे, रुग्ण बराचसा शिष्य.

हे चित्र पालटलं सिडनीच्या जॅनेट कार आणि रोबर्टा शेफर्ड यांनी. 1982 च्या त्यांच्या पुस्तकात साधा मुद्दा होता. पेला उचलायला शिकायचं तर पेला उचलण्याचाच सराव हवा. हवेत हात फिरवून ते येत नाही. रुग्ण हा शिकणारा माणूस आहे आणि शिकण्याचे नियम, म्हणजे ध्येय, सराव, चूक कळणं, पुन्हा प्रयत्न, त्यालाही लागू आहेत. जवळपास त्याच काळात एडवर्ड टाउब माकडांवरच्या प्रयोगांतून एका वेगळ्या निष्कर्षाला पोचत होते. एका हाताची संवेदना तोडलेली माकडं तो हात वापरणं सोडून देत. पण चांगला हात बांधून ठेवला की तोच हात पुन्हा कामाला लागे. या प्रयोगांवरून 1981 मध्ये मोठं वादळ उठलं, प्राण्यांच्या छळाचे आरोप झाले, खटला चालला. त्यातून मागे उरला तो विचार : हात काही अंशी न वापरल्याने ‘जातो’, आणि न वापरण्याची ही सवय मोडता येते. माणसांवर त्याची मोठी चाचणी 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. पक्षाघाताला तीन ते नऊ महिने झालेल्या 222 रुग्णांपैकी एका गटाने दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ चांगल्या हातात मऊ मोजा घातला आणि दिवसाचे सहा तासांपर्यंत दुसऱ्या हाताने सराव केला. वर्षभरानंतरही त्यांचा हात दुसऱ्या गटापेक्षा चांगला चालत होता. अट एकच, की मनगट आणि बोटं सुरुवातीला थोडी तरी उघडत असली पाहिजेत.

यानंतर वाटा वाढत गेल्या. चेन्नईत शिकलेले मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात तोडलेल्या रुग्णांच्या वेदनेसाठी आरशाची युक्ती काढली होती. 1999 मध्ये ती नऊ पक्षाघातग्रस्तांवर करून पाहिली गेली. मध्ये उभा आरसा ठेवायचा, चांगला हात हलवायचा आणि आरशात पाहताना दुसराच हात हलतोय असं मेंदूला वाटू द्यायचं. आज या उपचाराच्या बाजूने साठ-एक चाचण्यांचा पुरावा आहे आणि खर्च दाढीच्या आरशाएवढा. याउलट यंत्रमानवाने हात धरून हजारो वेळा फिरवण्याचा उपचार महाग आहे, पण ब्रिटनमध्ये 770 रुग्णांवर झालेल्या 2019 च्या चाचणीत तो नेहमीच्या उपचारापेक्षा हाताच्या कामात सरस ठरला नाही. 2021 मध्ये मानेतल्या व्हेगस मज्जातंतूला सरावाच्या क्षणी विजेचा हलका झटका देणाऱ्या उपकरणाला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यासाठी शस्त्रक्रिया लागते. महाग ते गुणकारी असा नियम या क्षेत्रात नाही, हे धाराशिवच्या वाचकाने मुद्दाम ध्यानात ठेवावं.

महाराष्ट्राचा या इतिहासातला वाटा फारसा सांगितला जात नाही. जन्माने अमेरिकन आणि लग्नाने मराठी झालेल्या कमला निंबकर यांनी 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू केलं. रोजच्या कामांमधून हात-पाय पुन्हा कामाला लावण्याच्या या शाखेचा देशातला तो पहिला वर्ग. 1952 मध्ये मुंबईत पोलिओची साथ आली आणि तिच्या पाठोपाठ केईएममध्येच भौतिकोपचाराचं शिक्षण उभं राहिलं. हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था 1955 ची. उपचारावर पोलिओची छाप पडणं त्या काळात स्वाभाविक होतं : उरलेले स्नायू बळकट करा, सांधे हलते ठेवा, आधार बांधा. पक्षाघातात स्नायू शाबूत असतात. बिघडतो तो त्यांना मिळणारा हुकूम. तालुक्याच्या गावी आजही रुग्णाला विजेचा शेक, मशीन आणि मालिश मिळते, भाकरीचं पीठ किंवा गुंड्यांचा सदरा क्वचितच हातात दिला जातो. व्यवसायोपचारतज्ज्ञ तर मराठवाड्यातल्या बहुतेक कुटुंबांना माहीतच नसतो.

उपचाराच्या आधी मोजमाप येतं, आणि पुस्तकाचा मोठा भार तिथेच आहे. ‘आधीपेक्षा बरं वाटतंय’ हे वाक्य रुग्णाला धीर देतं, पण सराव बदलायचा की तोच चालू ठेवायचा हे त्यावरून ठरत नाही. स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या अॅक्सेल फुगल-मायर यांनी 1975 मध्ये बनवलेली मोजणी जगात सर्वाधिक वापरली जाते. तिच्यात हाताला 66 गुण असतात आणि साच्यातली हालचाल कोणती, साच्याबाहेरची कोणती, हे वेगळं नोंदवलं जातं. ती हालचालीतला बिघाड मोजते. माणसाला कामं किती जमतात हे मोजायला रोनाल्ड लाइल यांची 1981 ची चाचणी आहे. तिचं सामान पाहिलं तर शाळकरी मुलाच्या खिशातून निघाल्यासारखं वाटतं : अडीच ते दहा सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे, क्रिकेटचा चेंडू, धार लावायचा दगड, काचेची गोटी, सायकलच्या छर्‍याएवढी लोखंडी गोळी, दोन पेले आणि पाणी. रुग्णाने ठोकळा उचलून फळीवर ठेवायचा, एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायचं, गोटी अंगठा आणि एकेका बोटाच्या चिमटीत धरायची, शेवटी हात डोक्यामागे, डोक्यावर आणि तोंडाशी न्यायचा. अशा 19 कृती. प्रत्येकीला शून्य ते तीन गुण, एकूण 57. सहज जमलं तर तीन, जमलं पण वेळ लागला किंवा अंग वाकडं करावं लागलं तर दोन, अर्धवट झालं तर एक. दोन आणि तीन यांतला फरक पाहणाऱ्याच्या नजरेवर ठरतो. पेला उचलताना खांदा कानाकडे गेला का, पाठ मागे रेलली का, हे पाहायला शिकावं लागतं.

तिसरी मोजणी सर्वांत बोलकी आहे. टाउब यांच्या गटाने रुग्णाला आणि घरच्यांना विचारायची प्रश्नावली केली : दिवा लावताना, दार उघडताना, तोंड पुसताना हा हात किती वेळा वापरला आणि कितपत नीट वापरला? दवाखान्यात 57 पैकी 40 गुण मिळवणारा रुग्ण घरी तो हात मांडीवर ठेवून बसतो, हे तिच्यामुळे कागदावर येतं. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी होणारी तपासणी याहून वेगळी असते. तिथे टक्के ठरतात आणि 40 किंवा त्याहून जास्त टक्के भरले तर सवलती मिळतात. कुटुंबाला तो दाखला हवाच असतो. पण त्या टक्केवारीवरून पुढच्या महिन्यात कोणता सराव करायचा ते कळत नाही. या दोन मोजमापांची गल्लत होते आणि काही घरांत टक्का कमी होईल या भीतीने सरावच थांबतो.

हात परत येईल का, हा प्रश्न प्रत्येक घर पहिल्याच आठवड्यात विचारतं. त्याचं बऱ्यापैकी उत्तर आता खाटेशेजारी मिळू शकतं. नेदरलँड्समध्ये 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी पाहिल्या गेल्या : खांदा बाजूला थोडा तरी उचलतो का आणि बोटं थोडी तरी उघडतात का. दोन्ही जमत असतील तर सहा महिन्यांत हाताला काही ना काही कौशल्य परत येण्याची शक्यता 98 टक्के निघाली. दोन्ही जमत नसतील तर 25 टक्के. न्यूझीलंडच्या कॅथी स्टिनिअर यांनी याच दोन हालचालींवर, पुढे मेंदूच्या तपासण्यांची जोड देत, अंदाजाची पद्धत बसवली. ही तपासणी करायला दोन मिनिटं पुरतात, उपकरण काहीच लागत नाही. चारात एकाची शक्यता म्हणजे शून्य नव्हे, आणि आशा ठेवतानाच दुसऱ्या हाताने जगण्याची तयारीही करावी हे त्या कुटुंबाला वेळेवर सांगता येतं.

मग किती सराव पुरे? अमेरिकेत कॅथरीन लँग यांच्या गटाने 2009 मध्ये उपचाराच्या बैठकी नुसत्या बसून मोजल्या. ज्या बैठकीत हाताच्या कामाचा सराव झाला, तिथेही सरासरी 32 आवृत्त्या झाल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसतो तो एका बैठकीत शेकडो आवृत्त्या झाल्यावर. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये निक वॉर्ड यांच्या कार्यक्रमात तीन आठवड्यांत 90 तास सराव करून घेतात आणि पक्षाघाताला वर्षं उलटलेल्यांचेही हात सुधारल्याच्या नोंदी आहेत. दुसरीकडे, 2016 मधल्या 361 रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत आखीव, वाढीव सरावाचा गट नेहमीच्या उपचाराच्या पुढे गेला नाही. थोडक्यात, सध्या दिला जातो त्याहून सराव खूप जास्त हवा यावर बऱ्यापैकी एकमत आहे. नेमका किती आणि कधी, यावर नाही.

भारतापुढचा खरा प्रश्न तो सराव कोण करून घेणार हा आहे. घरच्यांना शिकवावं, हे उत्तर सगळ्यांनाच पटतं. लुधियानाचे डॉ. जयराज पांडियन आणि ऑस्ट्रेलियाचे रिचर्ड लिंडले यांच्या पुढाकाराने देशातल्या 14 केंद्रांवर 1250 रुग्णांची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2017 मध्ये आले. घरच्यांना प्रशिक्षण दिलेल्या गटात आणि नेहमीच्या उपचाराच्या गटात सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांचं प्रमाण सारखंच होतं : 47 टक्के. ग्रामीण चीनमध्येही अशाच प्रयत्नाला यश आलं नाही. हे निकाल झाकून ठेवून पुस्तक लिहिणं सोपं होतं. त्यापेक्षा त्यांच्याशेजारी दोन यशस्वी प्रयोग ठेवून पाहिले तर वाट दिसते. कॅनडात जॅनिस एंग यांच्या गटाने 103 रुग्णांपैकी निम्म्यांना फक्त हातासाठीचं गृहपाठाचं पुस्तक आणि साध्या वस्तूंची पेटी दिली, रोज तासाभराचा सराव नेमून दिला आणि उपचारकाने त्याच्यावर लक्ष ठेवलं. चार आठवड्यांत फरक दिसला. 2019 मध्ये अमेरिकेत 124 रुग्णांपैकी निम्म्यांनी घरी पडद्यावरून, तज्ज्ञाच्या देखरेखीत, हाताचा सराव केला आणि तो दवाखान्यातल्या सरावाच्या तोडीचा ठरला. दोन्हीकडे फक्त हातावर लक्ष होतं, सरावाचं माप ठरलेलं होतं आणि कोणीतरी पुन्हा पुन्हा विचारत होतं. ‘घरी व्यायाम करून घ्या’ एवढं सांगून कुटुंबावर सोपवलेला हात आणि हे हात यांच्यातला फरक इथे आहे.

पुस्तकाने धरलेली भूमिका यातूनच येते : हात मोजावा, मोजून सराव द्यावा आणि पुन्हा मोजावा, हे घरी, घरच्याच वस्तूंनी, पण कोणा जाणकाराच्या नजरेखाली व्हावं. अणदूरच्या ‘हॅलो मेडिकल फाउंडेशन’ने गावातल्याच बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार करून दाखवलं, ते याच जिल्ह्यात. आशा कार्यकर्ती गावोगाव आहे, ती घरोघरी जातेच. तिला दोन मिनिटांची तपासणी आणि चार प्रश्न शिकवले तर हात नजरेआड होणार नाही. असंसर्गजन्य आजारांसाठीच्या 2010 च्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नावातच पक्षाघात होता, 2021 च्या कायद्याने भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार या व्यवसायांना राष्ट्रीय चौकट दिली, आणि गावातल्या फोनवर व्हिडिओ कॉल लागतो. जमवाजमव करायला लागणारी बहुतेक सामग्री आता जागेवर आहे, म्हणून हे पुस्तक आज यायला हवं होतं.

ते तिघांसाठी आहे : रुग्णाच्या घरचे, गावपातळीवरचे आरोग्यसेवक आणि तालुक्याला एकट्याने काम करणारे तरुण भौतिकोपचारतज्ज्ञ. कोणत्याही एका घराण्याची कंठी बांधणं त्याने टाळलं आहे. ब्रुनस्ट्रॉम यांच्या पायऱ्या ते वर्णनासाठी वापरतं, सराव कार-शेफर्ड यांच्या वाटेने देतं. परदेशी चाचण्या जशाच्या तशा लादण्याऐवजी गुणांची शिस्त ठेवून कामं इथली घेतली आहेत : घास कालवून तोंडापर्यंत नेणं, तांब्या धरणं, कडी काढणं, निऱ्या चिमटीत धरणं. प्रचलित चुकांबाबत ते भीडभाड ठेवत नाही. गळालेल्या हाताला धरून रुग्णाला खाटेवरून ओढून उठवल्याने खांद्याचा सांधा निसटतो. छताला टांगलेल्या कप्पीने हात वर खेचण्याचा व्यायाम घरोघरी दिसतो, अमेरिकेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनी मात्र तो नको म्हणून सांगितलं आहे, कारण खांदेदुखी बळावते. मऊ चेंडू दाबत बसणं हाही आवडता उद्योग. बहुतेक रुग्णांना मूठ आवळता येतच असते, अडतं ते ती उघडण्यावर. आणि ज्यांचा हात परतणार नाही, त्यांच्यासाठी एका हाताने सन्मानाने जगण्याच्या युक्त्यांना इथे तेवढीच जागा आहे.

वाचकाला एक विनंती. पुस्तक वाचून संपायची वाट पाहू नये. घरात असा रुग्ण असेल तर आजच, तारीख घालून, वहीत चार गोष्टी लिहाव्यात : खांदा बाजूला किती उचलतो, बोटं उघडतात का, हात तोंडापर्यंत पोचतो का आणि दिवसभरात त्या हाताने आपणहून कोणतं काम केलं. महिन्याने हीच नोंद पुन्हा करावी आणि तज्ज्ञाकडे जाताना वही सोबत न्यावी. मात्र चेहरा, हात किंवा बोलणं पुन्हा अचानक गेलं, तर वही आणि व्यायाम दोन्ही बाजूला ठेवून लगेच 108 ला फोन करावा. गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.